घेतलेला शोध, लागलेला शोध

मराठीत ‘शोध’ हा शब्द एकच. पण त्याच्या पाठीशी उभी राहणारी क्रियापदे तीन आहेत. शोध आपण घेतो, शोध आपल्याला लागतो आणि शोध आपण लावतो. वर्गात व्याकरण शिकवताना ही तिन्ही रूपे मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते, आणि दर वेळी मला वाटते की ज्ञानव्यवहाराविषयी आपल्या भाषेने येथे काही महत्त्वाचे सांगून ठेवले आहे. ‘घेणे’ हे कष्टाचे क्रियापद आहे : आपण श्रम घेतो, ध्यास घेतो, त्याच ओळीत शोध घेतो. ‘लागणे’ मात्र आपल्या हाती नसते. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते. तसाच शोधही लागतो, आणि तेव्हा माणूस वाक्याचा कर्ता राहत नाही, ‘मला’ ह्या चतुर्थीत तो जरा बाजूला सरकून उभा असतो. तिसरे ‘लावणे’. दिवा लावावा, झाड लावावे, आणि सातबाऱ्यावर नाव लावावे. शोध ‘लावला’ असे म्हणताच माणूस पुन्हा कर्तेपणाच्या आसनावर येऊन बसतो. नोंदवहीत त्याचे नाव लागते. इतिहास बहुतेक वेळा ह्या तिसऱ्या क्रियापदात लिहिला जातो. पहिली दोन त्याच्या तळाशी राहतात.

ह्या तीन क्रियापदांची गोष्ट मला एका लघुग्रहाच्या निमित्ताने उलगडत गेली. २००५ च्या ऑगस्टमध्ये मी नुकतीच अध्यापनाला लागले होते. महाविद्यालयाच्या वाचनालयात वर्तमानपत्रे चाळताना एक लहानशी बातमी वाचली : सिल्व्हिया नावाच्या एका मोठ्या लघुग्रहाभोवती दोन चंद्र फिरताना आढळले आहेत, दोन उपग्रह असलेला हा पहिलाच ज्ञात लघुग्रह. चंद्रांची नावे रोम्युलस आणि रेमस. खगोलशास्त्र हा माझा विषय नाही; दुर्बिणीला मी कधी डोळा लावला असेल तर तो सहलीतच. परंतु पुढे एका पुस्तकात ह्या लघुग्रहाचा मूळ शोध कधी व कोठे लागला ते वाचले आणि थबकले. १६ मे १८६६, मद्रास. मे महिन्यातले मद्रास डोळ्यांसमोर आणावे : समुद्राकडून येणारी दमट हवा, रात्रीही न ओसरणारा उकाडा, आणि त्यात दुर्बिणीशी बसलेला एक इंग्रज माणूस. त्याचे नाव नॉर्मन रॉबर्ट पॉगसन.

मद्रासची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली. नुंगमबाक्कम भागात १७९२ साली तिची इमारत उभी राहिली. ज्या ग्रॅनाइटच्या स्तंभावर तेथील यंत्र बसवले होते तो अद्याप त्याच आवारात, आजच्या हवामान केंद्रात आहे. त्यावरचा लेख तमिळ-तेलुगूसह अनेक भाषांत कोरलेला आहे. ब्रिटिशांच्या औदार्याने आशियात गणितशास्त्रांचे रोप प्रथम लावले गेले, हे हजार वर्षांनंतरच्या पिढ्यांना कळावे, असा त्याचा आशय. आर्यभट आणि भास्कराचार्य ज्या भूमीत झाले तेथे हे वाक्य दगडात कोरले जावे, ह्याला काय म्हणावे? वसाहतवादी आत्मविश्वासाचा नमुना म्हणून तो लेख वर्गात सहज वाचून दाखवता येईल. पण माझे लक्ष अधिक वेधून घेतले ते त्यातल्या क्रियापदाने. येथेही ‘लावणे’च आहे.

पॉगसन १८६१ मध्ये सरकारी खगोलशास्त्रज्ञ म्हणून मद्रासला आले आणि १८९१ साली तेथेच वारले. तीस वर्षांत त्यांनी तो देश सोडला नाही असे म्हणायला हरकत नाही. १८२९ मध्ये नॉटिंगहॅम येथे जन्मलेला हा माणूस मद्रासला येण्यापूर्वीच एका गोष्टीसाठी कायमचा नोंदला गेला होता. ताऱ्यांच्या तेजाच्या ‘प्रती’ मोजण्याची पद्धत ग्रीकांपासूनची. पहिल्या प्रतीचा तारा तेजस्वी आणि सहाव्या प्रतीचा डोळ्यांना जेमतेम दिसणारा. ह्या ढोबळ श्रेणीला पॉगसन यांनी १८५६ मध्ये नेमके गणित दिले. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर शंभर पटींचा फरक. अर्थात एका प्रतीचा फरक सुमारे २.५१२ पट. आजही जगभर हेच प्रमाण वापरले जाते. हे प्रमाण ज्या निबंधात आले त्याचा विषय मात्र तारे हा नव्हता. तोपर्यंत ठाऊक असलेल्यांपैकी छत्तीस लघुग्रह पुढील वर्षी महिन्या-महिन्याला किती तेजस्वी दिसतील, ह्याची ती सारणी होती. आकाशातले सर्वांत क्षुद्र, कोणाच्या खिजगणतीत नसलेले ठिपके मोजताना साऱ्या आकाशाला लागू पडणारे माप हाती आले.

लघुग्रह हा शब्दही विचार करण्याजोगा आहे. मंगळ आणि गुरू ह्यांच्या कक्षांमधला पहिला असा गोल, सेरेस, १ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतील पालेर्मो येथे जुझेप्पे पिआत्सी ह्यांना दिसला. पुढच्याच वर्षी विल्यम हर्शल ह्यांनी अशा गोलांसाठी ‘अ‍ॅस्टेरॉइड’ ही संज्ञा सुचवली. तिचा अर्थ ‘ताऱ्यासारखा’. म्हणजे इंग्रजी नाव दिसण्यावरून पडले आहे : दुर्बिणीतून पाहिले तरी ग्रहासारखी चकती दिसत नाही, ताऱ्यासारखा बिंदूच दिसतो. मराठीने मात्र दिसणे सोडून असणे पकडले. ताऱ्यासारखा दिसला तरी हा ग्रहच, फक्त लहान. एका शब्दात पाहणाऱ्याची अडचण साठवली आहे, दुसऱ्यात त्या अडचणीचे उत्तर.

आणि ती अडचणच ‘शोध घेणे’ म्हणजे काय ते सांगते. छायाचित्रणाच्या साह्याने लघुग्रह सापडू लागले ते १८९१ पासून. त्यापूर्वी सारे काम डोळ्यांचे आणि कागदाचे. आकाशाचा एक लहानसा तुकडा घ्यायचा, त्यातल्या प्रत्येक ताऱ्याची जागा नकाशावर उतरवायची. पुन्हा एखाद्या रात्री तोच तुकडा, तोच नकाशा. काल नव्हता असा ठिपका आज दिसला तर शंका घ्यायची : नकाशा करताना राहून गेलेला तारा असेल, तेज बदलणारा तारा असेल. मग तासाभराने पुन्हा पाहायचे, दुसऱ्या रात्री पुन्हा. तारे एकमेकांच्या संदर्भात हलत नाहीत. तो हलला, तर तो आपल्या सूर्यकुलातला. सिल्व्हिया अगदी अनुकूल स्थितीत असतानाही डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्याच्या सुमारे शंभर पट मंद असते, म्हणजे पॉगसन यांच्याच मापाने पाच प्रती खाली. अशा हजारो ठिपक्यांमध्ये एक ठिपका किंचित सरकला आहे हे ज्याच्या लक्षात येते, त्याला बाकीचे सगळे न सरकलेले ठिपके आधी पाठ झालेले असतात. संहितेचे पाठभेद तपासणाऱ्याला हे सहज उमगेल. जे बदललेले नाही त्याच्याशी दीर्घ सहवास असल्याखेरीज बदललेले दिसत नाही.

पुन्हा हे काही वेधशाळेचे मुख्य काम नव्हते. याम्योत्तर वृत्तावरून जाणाऱ्या ताऱ्यांच्या वेळा टिपणे, हवामानाच्या नोंदी ठेवणे आणि घड्याळ राखणे ही रोजची कामे. ‘मद्रास वेळ’ ह्याच वेधशाळेची. लोहमार्ग तिच्यावर चालत. १८८१ मध्ये मुंबई इलाख्याच्या कारभारात ती लागू करण्याचा यत्न झाला तेव्हा मुंबईकरांनी तिला विरोध केला आणि आपली मुंबई वेळ सोडली नाही, हा किस्सा आपल्याकडे अधिक परिचित आहे. ह्या सगळ्या कामांतून उरलेल्या रात्री पॉगसन लघुग्रहांना देत. आयुष्यात एकूण आठ लघुग्रह त्यांच्या नावावर आहेत; तीन इंग्लंडमधून, पाच मद्रासहून. मद्रासचा पहिला १७ एप्रिल १८६१ रोजी, ते तेथे आले त्याच वर्षी. आशिया खंडातून सापडलेला तो पहिला लघुग्रह, म्हणून त्याचे नाव ‘एशिया’. मग १८६४ मध्ये ‘सॅफो’, ग्रीक कवयित्रीच्या नावाने. १८६६ मध्ये सिल्व्हिया. १८६८ मध्ये ‘कॅमिला’. आणि सतरा वर्षांच्या खंडानंतर १८८५ मध्ये ‘व्हेरा’.

शोध घ्यावा एकाचा आणि लागावा दुसऱ्याचाच, हाही अनुभव त्यांना आला. १८७२ च्या नोव्हेंबरअखेर ग्योटिंगेनहून क्लिंकरफ्यूस ह्या जर्मन खगोलशास्त्रज्ञाची तार आली : हरवलेला बिएलाचा धूमकेतू पृथ्वीच्या अगदी जवळून गेला असावा, दक्षिणेकडे अमुक ताऱ्यापाशी पाहा. पॉगसन यांनी डिसेंबरच्या आरंभी तेथे पाहिले आणि धूमकेतू दिसला. सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या वेळी. परंतु पुढे गणित केल्यावर असे ठरले की तो बिएलाचा धूमकेतू नव्हताच. जे शोधत होते ते तेथे नव्हते. जे सापडले ते कोणी शोधत नव्हते.

आता नावाकडे येते, कारण साहित्याच्या विद्यार्थ्याला ह्या कथेत शिरण्याची वाट तीच. लघुग्रहांना त्या काळी बहुधा ग्रीक-रोमन पुराणांतील स्त्रियांची नावे देत. सिल्व्हियाच्या बाबतीत दोन व्युत्पत्ती सांगितल्या जातात. एक अशी की कामीय फ्लामारियाँ ह्या विख्यात फ्रेंच खगोललेखकाच्या पत्नीचे, सिल्व्हीचे, हे नाव. काही संदर्भग्रंथांत हीच नोंद आढळते. पण फ्लामारियाँ ह्यांचा तिच्याशी विवाह झाला १८७४ साली, शोधानंतर आठ वर्षांनी. आणि मुळात पॉगसन यांनी १८६६ मध्ये शोध जाहीर करताना रोमन कथेतील ‘ऱ्हेआ सिल्व्हिया’चा निर्देश केला आहे. संशोधनपद्धतीच्या तासाला मी हे उदाहरण आवर्जून देते. कोशातली नोंद अखेरचा शब्द नसते. मूळ निवेदन शोधून वाचावे लागते.

ही ऱ्हेआ सिल्व्हिया कोण? आल्बा लोंगाच्या न्यूमिटर राजाची मुलगी. राजाच्या भावाने, अम्युलियसने, राज्य बळकावले आणि तिला मूल होऊन सिंहासनाला वारस मिळू नये म्हणून तिला व्हेस्टा देवतेची व्रतस्थ पुजारीण केले. तरीही मार्स देवापासून तिला जुळे झाले. मुलांना टायबर नदीत सोडण्यात आले, लांडगीने त्यांना दूध पाजले, मोठेपणी त्यांनी आजोबांचे राज्य परत मिळवले, आणि रोम वसवताना झालेल्या भांडणात रोम्युलसने रेमसला मारले. कुंतीची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकाला नदीत सोडलेले बाळ परके वाटणार नाही. पण एक फरक मला नेहमी जाणवतो. महाभारत कुंतीला विसरत नाही. कर्णासमोर तिला पुन्हा उभे करते, तिला बोलायला लावते. रोमच्या कथेत मात्र जुळ्यांचा जन्म होताच आई पडद्याआड जाते. कोणी सांगतात तिला कैदेत टाकले, कोणी सांगतात तिला नदीत बुडवले. लांडगीचे शिल्प जगाच्या लक्षात राहिले; आईचे नाव अभ्यासकांपुरते.

पॉगसन यांना दिसला तो फक्त एक ठिपका. त्याला आकार नव्हता, घडण नव्हती. होती ती गती. त्या ठिपक्याला त्यांनी ह्या आईचे नाव दिले. त्यानंतर सूर्याभोवती तिच्या विसाहून अधिक प्रदक्षिणा झाल्या. १८ फेब्रुवारी २००१ रोजी मायकेल ब्राउन आणि झाँ-ल्यूक मार्गो ह्यांना हवाईतील मौना केआ पर्वतावरच्या केक दुर्बिणीतून तिच्याभोवती एक उपग्रह दिसला, सुमारे अठरा किलोमीटरचा. पुढे फ्रांक मार्शी आणि त्यांचे पॅरिस येथील सहकारी ह्यांनी चिलीतल्या पारानाल येथील महादुर्बिणीने ऑगस्ट २००४ मध्ये घेतलेल्या प्रतिमांत दुसरा दिसला, त्याहूनही लहान, सातेक किलोमीटरचा. वातावरणाच्या थरथरीने पुसट होणारी प्रतिमा आरशाचा आकार क्षणाक्षणाला बदलून स्थिर करायची, हे तंत्र आता हाती आले होते. थोरला सुमारे १,३५० किलोमीटरवरून साडेतीन-पावणेचार दिवसांत फेरी घालतो. धाकटा सुमारे ७०० किलोमीटरवरून दीड दिवसाच्या आत. सिल्व्हियाच्या पृष्ठभागावर कोणी उभे राहिलेच, तर त्याला दोन्ही चंद्र आपल्या चंद्रापेक्षा मोठे दिसतील.

जुळ्यांच्या आईचे नाव दिले, आणि एकशे अडतीस वर्षांत जुळे सापडले. पहिल्यांदा हे वाचताना अंगावर काटा आला होता हे नाकबूल करत नाही. परंतु साहित्याचा अभ्यास माणसाला अशा काट्यांविषयी सावध करतो. नावाने चंद्र आणले नाहीत. चंद्र तेथे होतेच, आणि ते दिसल्यावर नावातल्या कथेने त्यांच्यासाठी रिकाम्या ठेवलेल्या जागा आपण भरल्या. ह्याचा पुरावाही पॉगसन यांच्याच यादीत आहे. मद्रासहूनच १८६८ मध्ये सापडलेल्या कॅमिलाभोवतीही एक उपग्रह २००१ मध्येच आढळला, आणि दुसऱ्याची घोषणा २०१६ मध्ये झाली. म्हणजे तीही दोन चंद्रांची माता. पण व्हर्जिलच्या महाकाव्यातली कॅमिला ही कुमारी योद्धी. तिच्या कथेत मुलांसाठी जागा नाही. शोधाच्या वेळी तिच्या चंद्रांच्या वाट्याला आली ती सांकेतिक अक्षरे आणि आकडे. एकच घटना, पण एका ठिकाणी ती कथा झाली आणि दुसऱ्या ठिकाणी नोंद.

मग सिल्व्हियाच्या नावात काही अर्थ नाही काय? मला तसे वाटत नाही. अर्थ आधी शब्दात भरून ठेवलेला असतो आणि पुढे तो फक्त उघडायचा असतो, असे आपण समजतो. वस्तुतः लेखक एक शब्द ठेवून जातो आणि नंतरचा वाचक, लेखकाला अज्ञात असलेल्या गोष्टी जाणून, त्याच्याकडे परत येतो. चंद्रांना रोम्युलस-रेमस म्हणणाऱ्यांनी पॉगसन यांचे १८६६ मधले नाव पुन्हा वाचले, इतकेच. ह्या वाचनाने मूळ कथेची एक बाजूही नकळत उलटली. पुराणात मुले केंद्रस्थानी आणि आई परिघाबाहेर. आकाशात आई मध्यभागी आहे, मुले तिच्याभोवती फिरत आहेत, आणि धाकटा थोरल्याच्या हाती मेलेला नाही.

ह्या आईची घडणही चंद्रांनीच कळवली. उपग्रहाची फेरी मोजली की मधल्या गोलाचे वस्तुमान कळते. त्यावरून असे निघाले की सुमारे २७० किलोमीटर सरासरी व्यासाची, पट्ट्यातल्या पहिल्या दहा मोठ्या लघुग्रहांत गणली जाणारी ही सिल्व्हिया आकाराच्या मानाने फार हलकी आहे. तिची घनता पाण्याहून थोडीच जास्त. २००५ च्या अभ्यासकांनी अर्थ लावला : ती अखंड खडक नाही, कधी काळी टकरीत फुटलेल्या तुकड्यांचा पुन्हा गोळा झालेला ढीग आहे, आत पोकळ्या आहेत, आणि हे चंद्र त्याच फुटीतून उरलेले असावेत. २०२१ मधील एका अभ्यासाने ह्या वाचनात भर घातली आणि तिचा गाभा बाहेरच्या थरांपेक्षा घन असावा असे सुचवले. एका ठिपक्याचे वाचन दीडशे वर्षे चालू आहे आणि प्रत्येक पिढी आधीच्या पिढीचे वाचन सुधारत आहे. ह्याला टीकापरंपरा म्हणायला काय हरकत आहे?

हे सारे माझ्या मनात असताना काही वर्षांपूर्वी माझ्याकडे संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला एक प्रश्न विचारला. तिने आपल्या तालुक्यातील गावागावांत हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. तीन वर्षे. म्हाताऱ्या बायकांपाशी बसून, त्यांची कामे उरकेपर्यंत थांबून, आठवेल तेवढे लिहून घेतलेले. प्रबंध पूर्ण होत आला आणि सोबत जोडायच्या अर्जात ‘नवीन ज्ञानातील योगदान’ असा रकाना आला. ती म्हणाली, “मॅडम, ह्यातल्या बहुतेक ओव्या कोणत्या ना कोणत्या संग्रहात आधीच छापलेल्या आहेत. मला नवीन काहीच सापडलं नाही. इथं काय लिहू?” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, थकवा होता. तीन वर्षांचे श्रम त्या चौकोनात मावत नव्हते, आणि म्हणून ते श्रमच नव्हते की काय अशी शंका तिला येऊ लागली होती.

मी तिच्या वह्या मागवून घेतल्या. समासात जागोजागी पेन्सिलीच्या खुणा होत्या. विचारले तर म्हणाली, त्या काही नाहीत, एका गावात ज्या ओवीत भाऊ येतो, शेजारच्या गावात त्याच ओवीत त्याच जागी लेक येते, तेवढेच टिपून ठेवले आहे. मी तिला म्हटले की बाकीचे सगळे शब्द जागच्या जागी असताना एक शब्द सरकलेला दिसला, हे तुला दिसले कारण ते सगळे शब्द तुला पाठ झाले आहेत. बहिणीची नजर माहेरच्या भावाकडून लेकीकडे का वळली, त्या दोन गावांत जमीन, लग्नसंबंध, स्थलांतर ह्यांत काय फरक आहे, ते आता विचार. तिने विचारले. प्रबंधाचे शेवटचे प्रकरण त्यातून उभे राहिले, आणि तो रकाना दोन ओळींत भरला गेला. तथापि मला आजही वाटते की त्या दोन ओळी मिळाल्या नसत्या, तरी त्या तीन वर्षांचे मोल उणे झाले नसते. आपल्या उच्च शिक्षणाच्या व्यवस्थेने ‘लावणे’ हे एकच क्रियापद मोजायचे ठरवले आहे. किती निबंध, कोणत्या नियतकालिकात, किती गुण. ‘घेणे’ मोजण्याचा रकाना कोठेच नाही, आणि ‘लागणे’ तर मोजताच येत नाही.

मद्रासच्या वेधशाळेकडे ह्या दृष्टीने पाहिले की नोंदीतल्या एका नावामागे इतर माणसे दिसू लागतात. चिंतामणी रघुनाथाचारी हे तेथील प्रमुख भारतीय साहाय्यक. घरची परंपरा पंचांगकर्त्यांची, नोकरी पाश्चात्त्य यंत्रांवर. जालक ह्या दक्षिणेकडच्या तारकासमूहातील एका ताऱ्याचे तेज बदलते, हा शोध त्यांनी १८६७ मध्ये लावला. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनी वनपर्ती येथे घेतले. १८७२ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे ते सदस्य झाले. आणि १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणापूर्वी सामान्य लोकांना ती घटना समजावी म्हणून त्यांनी तमिळमध्ये व इंग्रजीत पुस्तिका लिहिली. दृक्प्रत्ययाला जुळणारे पंचांग हवे, हा त्यांचा आग्रह होता. आशियात गणिताचे रोप आम्ही लावले असे सांगणारा स्तंभ ज्या आवारात उभा होता, त्याच आवारात हे गृहस्थ दोन परंपरांचे गणित एकमेकांशी ताडून पाहत होते. स्तंभाला दिलेले उत्तर म्हणून त्यांनी हे केले असेल असे नव्हे. पण आपण ते तसे वाचू शकतो.

दुसरे नाव एलिझाबेथ आयसिस पॉगसन हिचे. नॉर्मन पॉगसन यांची ही मुलगी. तिच्या बालपणी, १८५६ मध्ये, वडिलांना ऑक्सफर्डला सापडलेल्या पहिल्या लघुग्रहाचे नाव ‘आयसिस’ ठेवले गेले. म्हणजे आकाशात हिचे नाव आधीच लागलेले होते. १८७३ पासून ती मद्रासच्या वेधशाळेत साहाय्यक म्हणून गणिते करू लागली आणि पाव शतक करत राहिली. १८८६ मध्ये वडिलांनी तिचे नाव रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी सुचवले. ते नाकारले गेले, कारण संस्थेच्या सनदेत सदस्याचा उल्लेख केवळ पुल्लिंगी सर्वनामाने होता. ती सदस्य झाली १९२० साली, म्हणजे चौतीस वर्षांनी. लघुग्रहाला स्त्रीचेच नाव हवे असा संकेत आणि त्याची कक्षा मोजणारी स्त्री मात्र सनदेतल्या एका सर्वनामामुळे दाराबाहेर! व्याकरण हा कोरडा विषय आहे असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट सांगते.

खुद्द पॉगसन यांचे तरी काय? १८६२ ते १८८७ ह्या काळात त्यांनी आणि त्यांच्या साहाय्यकांनी केलेले ताऱ्यांच्या स्थानांचे वेध ढिगाने साठत गेले. ते छापून काढण्याचे काम मागे पडत राहिले. काही खंड ते हयात असताना निघाले, उरलेले त्यांच्यानंतर आलेल्या मिकी स्मिथ ह्यांनी पुरे केले. १८९९ मध्ये खगोलवेधाचे काम कोडाइकनालला गेले आणि मद्रासचे आकाश मागे राहिले. त्या खंडांतले आकडे आज कोण वाचतो? पॉगसन यांचे नाव उरले आहे ते एका गुणोत्तरात आणि आठ लघुग्रहांच्या नोंदीत. पंचवीस वर्षांच्या रात्री त्या नावात दिसत नाहीत. पण ज्या माणसाला त्या रात्री नकोशा होत्या, त्याला १६ मे १८६६ चा ठिपका दिसला नसता.

सिल्व्हिया सूर्यापासून पृथ्वीच्या सुमारे साडेतीन पट अंतरावर, पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला आहे, आणि साडेसहा वर्षांत एक प्रदक्षिणा पुरी करते. मद्रासला दिसली त्यानंतर तिच्या चोवीस प्रदक्षिणा झाल्या आहेत. तिच्या पृष्ठभागावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा अगदी थोडा, शेकडा चार-पाच टक्क्यांइतका भाग ती परत पाठवते. कोळशासारखी काळी आहे. तेवढ्या उजेडावर एका माणसाने तिला ताऱ्यांच्या गर्दीतून वेगळे ओळखले, दुसऱ्यांनी तिची मुले पाहिली, तिसऱ्यांनी तिच्या पोटातल्या पोकळ्या मोजल्या. पुढच्या कोणाला तिच्यापाशी आणखी काय लागेल ते आज सांगता येणार नाही. घ्यायचे तेवढे आपल्या हाती.